शून्य कुठल्या बाजूला, ते आधी विचार

विसरभोळ्या धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतंस म्हणे, की ताई, हे एकटीनेच वाच, कोणाला दाखवू नकोस. मला लिहितावाचता येत नाही याला आता चौऱ्याहत्तर वर्षं झाली, त्यातली एकोणसत्तर वर्षं तू माझी सख्खी बहीण आहेस, तरी एवढी एक गोष्ट तुझ्या डोक्यात काही राहत नाही. तेव्हा मी ते पत्र एकटीनेच वाचलं. म्हणजे सूनबाईच्या तोंडून, मुलगा जेवायला बसलेला असताना, आणि कोटाची बाही दाखवायला आलेले एक पोस्टमास्तर दारात उभे असताना. तुझी कंबर कुठे कुठे आणि कशी दुखते हे ऐकून पोस्टमास्तरांचा जीव कळवळला. त्यांनी तुला गरम पाण्याची पिशवी सुचवली आहे. दुसरं असं, की 'ऑपरेशन करू का? आज पहिल्यांदाच विचारते आहे' म्हणून तू जे विचारलंस, ते तू याआधी दोनदा विचारून झालं आहेस, आणि दोन्ही वेळा पहिल्यांदाच. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण तीन पानं तेवढंच आहे. तुझ्या म्हाताऱ्याचा खोकला कसा आहे? (त्याचं एक अक्षर नाही. नवरा आहे हे तरी लक्षात आहे ना?) आम्ही इकडे सगळे बरे आहोत. हे पत्र सूनबाई लिहिते आहे. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं असा आमचा करार आहे, आणि तिने आत्ताच उसासा सोडला तोही मी लिहायला सांगितला आहे.

आता मुद्दा. तुझ्या कमरेत मणक्यामधली गादी सरकून नस दबली आहे. माझंही तेच झालं होतं. माझं ऑपरेशन ज्या दवाखान्यात झालं तिथेच, त्याच डॉक्टरने तुला तारीख दिली आणि ती तू दोनदा मोडलीस. कशासाठी, तर त्यांच्या पत्रकात छापलं आहे, की छोट्या छिद्रातून केलेल्या शेवटच्या शंभर ऑपरेशनांत नव्व्याण्णव जणांना उतार पडला, आणि एकीचं दुखणं होतं त्याच्या चौपटीहून जास्त वाढलं. तू लिहितेस, ताई, ती एक मी निघाले तर? नव्व्याण्णव माणसं हसतखेळत घरी गेली, त्यांच्यातलं कोणी तुला दिसलं नाही. लहानपणी टोपलीभर सफरचंदांतून किडकं तेवढं तुझ्याच हाती यायचं, आणि ते घेऊन तू गावभर रडायचीस, तीच तू. आणि पत्राच्या अगदी खाली, जाता जाता लिहिलं आहेस, की हल्ली चालताना डावी चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि तुला कळतही नाही, म्हणून तू एक नंबर लहान चप्पल घेतलीस. चप्पल बदललीस! दुकानदाराने चप्पल दिली की शाबासकी?

त्या एकीची गोष्ट मला पुरती ठाऊक आहे. सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगते. मधे उठून दूध बघायला जाऊ नकोस, गेलीस तर परत यायचं विसरशील.

पंचावन्न वर्षं मी रफू करते. फाटलेल्या कापडात त्याच्याच रंगाचा धागा एकेक करून विणायचा, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. या कामात मान खाली, पाठ वाकलेली, आणि बूड एका स्टुलावर. गेल्या साली माझ्या कमरेतून उजव्या पायात तापलेली तार ओढावी तशी कळ सुरू झाली. आधी तासाने उठायचे, मग पाव तासाने, मग बसताच येईना. उभ्याने रफू करणारी मी जगातली पहिलीच असेन. मुलगा धरून दवाखान्यात घेऊन गेला. तिथला डॉक्टर दिसायला बरा, केस जागच्या जागी, पण बोलायला लागला की एकच धोशा: छिद्र किती छोटं. नळी घालणार, दुर्बिणीतून बघणार, नसेवर आलेला तुकडा काढणार, आणि छिद्र एवढंसं, काजाएवढं. पाच वेळा सांगितलं. माझ्या धंद्यात भोक लहान आहे असं जो पाच वेळा सांगतो, त्याचं कापड आम्ही उलटं करून बघतो. (कापड नेहमी उलटंच बघायचं असतं. वरून सगळेच छान दिसतात, व्याहीसुद्धा. हे लिहिताना सूनबाईने मान वर केली. तिचे वडील नव्हेत, मी सर्वसाधारण बोलते आहे.)

मग एक शिकाऊ डॉक्टरीण आली, हातात फळी, फळीला कागद. म्हणाली, "आजी, शून्य ते दहामध्ये सांगा, किती?" आता आमच्या दुकानात, माझ्या सासूच्या वेळेपासून, कापड आलं की उजेडासमोर धरतात आणि हाच प्रश्न विचारतात: दहातले किती? म्हणजे दहा धाग्यांतले किती धागे जिवंत आहेत. दहा म्हणजे कोरं कापड, शून्य म्हणजे नुसतं भोक, पुसायला घ्या. पाचच्या खाली गेलं की ते माझ्याकडे येतं. मला वाटलं, चला, एवढ्या मोठ्या दवाखान्यात एक तरी माणूस शहाण्यासारखं विचारतंय. मी स्वतःला उजेडासमोर धरलं आणि म्हटलं, "दोन."

"फक्त दोन?" ती म्हणाली. "आजी, फारच सोशिक हो तुम्ही!"

मी म्हटलं, सोशिक कसली, आहे ते सांगते. दोन असताना बाकीची सगळी माणसं विव्हळतात का, असं विचारणार होते, पण ती तोवर पुढच्या कॉटवर पोचली होती. आता तू म्हणशील, दोनच लिहिलं तर मग कापलं कशाला? अगं, मला विचारून थोडंच कापलं! त्या बोगद्यासारख्या यंत्रात घालून माझा फोटो काढला होता, त्यात नस चिरडलेली दिसत होती, पाय उचलायला लावला तर मी छताला चिकटले. ठरलं त्यावरून. माणसाला विचारतात ते कागद भरायला.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी झोपले होते. जागी झाले तर पायातली कळ नाही. इतकी नाही, की आधी मी हात लावून पाय आहे का ते बघितलं. मग नर्सकडे दोन आरसे मागितले, एक मागे, एक पुढे, आणि शिवण तपासली. दोन टाके. त्यातला एक बरा. दुसरा ओढून घेतलेला, बाजूची कातडी चुणली होती. डॉक्टर संध्याकाळी आला तेव्हा त्याला सांगितलं, की दुसऱ्या टाक्याला हात सैल सोडायला हवा होता. तो हसला. या लोकांना खरं सांगितलं की गंमत वाटते.

शेजारच्या कॉटवर एक बेकरीवाली होती, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हात पोळीच्या लाटण्यासारखे घट्ट. तिचंही तेच छिद्र, तोच डॉक्टर, त्याच दिवशी. तिचीही कळ गेली. पण तिने वर्षभर ढकललं होतं, आज भट्टी आहे, उद्या ऑर्डर आहे, आणि त्या वर्षात तिचा पाय घोट्यातून उचलायचा थांबला. नस मोकळी झाली, पण पाय काही पुन्हा वर आला नाही. आता ती पट्टा बांधून चालते, पाऊल फरशीवर फटकन आपटतं. ती म्हणाली, सुरुवातीला मला वाटलं, स्लीपर सैल झाली. मी पुढे काही लिहायला सांगत नाही. तू सगळं विसरतेस, हे तेवढं विसरू नकोस.

तर त्याच संध्याकाळी फळीवाली परत आली. "आजी, आता किती?" मी खुशीत म्हटलं, "आठ!" तिचा चेहरा पडला. धावत गेली आणि इंजेक्शन घेऊन आली. मला वाटलं, ज्यांना चांगले मार्क पडतात त्यांना देत असतील. सहा आठवड्यांनी दवाखान्यातून एका बाईचा फोन. "आजी, किती?" "नऊ." पलीकडून 'च्च च्च' ऐकू आलं. मग अगदी मायेने म्हणाली, "आजी, पडून आहात ना?" मी म्हटलं, "नाही बाई, स्टुलावर चढून पडदे काढते आहे." तिने काय लिहिलं देव जाणे. पण दोन दिवसांनी घरी गोळ्यांचं पुडकं आलं. मुलगा म्हणाला, दवाखान्याने पाठवल्यात तर घे. घेतल्या. त्या गोळ्यांच्या अमलात मी एका वकिलाच्या कोटाचं भोक इतकं सुंदर बुजवलं, की बघत राहावं. ते भोक म्हणजे त्याचा खिसा होता. गोळ्या मी फेकून दिल्या.

तीन महिन्यांनी पुन्हा फोन. "साडेनऊ," मी म्हटलं. अर्धा राखून ठेवला, कारण कोऱ्या कापडाला दहा, आणि मी कोरी होऊन बरीच वर्षं झाली. त्यावर त्या बाईने नुसतं "अरेरे" म्हटलं आणि फोन ठेवला. चार दिवसांत पत्र आलं: ताबडतोब या, दुसरं ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता आहे, उपाशीपोटी या. मुलगा पांढराफटक. सूनबाई माझ्याकडे अशी बघायला लागली, की मीच आरशात जाऊन बघून आले. आकड्यांचं मी घरात कोणाला बोलले नव्हते (चांगले मार्क पडले की मिरवायचं नाही, तुझ्यासारखं), त्यामुळे कोणालाच काही उलगडेना. धडधाकट बाईला पुन्हा उलटं पाडून छिद्र पाडणार, तेही उपाशी! पण गेलो.

मला एका मोठ्या खोलीत नेलं. लांबलचक टेबल, दहाबारा डॉक्टर, प्रत्येकापुढे चहा, आणि भिंतीवर मोठ्ठा पडदा. पडद्यावर रेघाच रेघा, धागेच म्हण. सगळे डावीकडे वर सुरू व्हायचे आणि उजवीकडे खाली घसरत जायचे. फक्त एक लाल रेघ खालून निघून तरातरा वर चढली होती. माझा छिद्रवाला डॉक्टर त्या रेघेखाली उभा, चेहरा असा की घरात काही वाईट झालंय. मी विचारलं, "डॉक्टर, ही लाल कोणाची हो?" तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमची, आजी."

धाकटे, माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! शंभर माणसांत एकटी मी वर. बाकीच्या नव्व्याण्णवांची मला इतकी दया आली. बिचारे, छिद्र पाडून घेतलं आणि सगळे घसरले. त्या डॉक्टरचीही आली. मी उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका. एक तर चढली ना! हात बसेल हळूहळू, बाकीचेही चढतील." टेबलावरच्या एकाचा चहा नाकातून आला.

डॉक्टर मला म्हणाला, चालून दाखवा. चालले. टाचांवर चालले, चवड्यांवर चालले. मग त्याने पेन खाली टाकलं आणि म्हणाला, उचलता येईल? दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईने शिकवलं तसं गुडघ्यांत वाकून मी पेन उचललं, आणि ते देताना त्याच्या कोटाची बाही नजरेला पडली. मनगटापाशी पार विरलेली. आपसूक तोंडातून गेलं, "सहा."

"काय सहा?"

"दहातले सहा धागे. अजून महिनाभर असंच घातलंत तर चार राहतील, मग माझ्याकडेच आणावा लागेल."

त्याने बाही बघितली. मला बघितलं. भिंतीवरची लाल रेघ बघितली. मग सावकाश खुर्चीत बसला. "आजी," तो म्हणाला, "तुम्ही आलात तेव्हा दोन होतात?"

"जेमतेम."

"आणि आता?"

"साडेनऊ. अर्धा तुमच्या त्या टाक्याचा कापला."

मग जे हसणं सुरू झालं ते मला मुळीच आवडलं नाही. हसण्यासारखं होतं काय त्यात? दुर्बीण काजाएवढ्या छिद्रातून आत जाते, कोपरे वळते, नस ओळखते, पण एवढ्या विद्वानांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाई, तुमचं शून्य कुठल्या बाजूला? आणि उलटं कोण, सांग. फाटलं किती हे विचारून करायचं काय? रफू फाटलेल्यावर धरत नाही, ते उरलेल्या धाग्यांवर धरतं. उरलंय किती ते विचारावं. मी हे त्यांना तिथेच सांगितलं. दोघांनी लिहून घेतलं. कशावर लिहिलं बघितलं तर बिस्किटांच्या कागदावर.

डॉक्टर भला, म्हणाला, हिची नोंद आत्ताच्या आत्ता सुलटी करा. तर कोपऱ्यात एक आकडेवाली बाई बसली होती, ती उठली. नोंद गोठवली आहे म्हणाली, पेशंटने सांगितलेला आकडा बदलायचा नसतो, नियम आहे, आणि पत्रक छापून गेलंय. मी म्हटलं, "बाई, पेशंट इथे उभी आहे, पेनं उचलते आहे, हिला विचारा." ती म्हणाली, "तुम्हाला तेव्हा विचारलं होतं." यंदा काही होणार नाही, पुढच्या पत्रकात बघू. तेव्हा दवाखान्याच्या कागदांत मी आजही वेदनेने तळमळत पडलेली आहे. माझी चौकशी करायला त्यांनी एक समुपदेशक बाईही लावून दिली आहे. दर पंधरवड्याला येते, सोशिकपणावर बोलते आणि जाताना एखादं पोलकं रफूला ठेवून जाते.

तर धाकटे, जिच्या धास्तीने तू दोन तारखा मोडल्यास, ती शंभरातली एक मी. उरलेल्या नव्व्याण्णवांना उतार पडलेलाच आहे. आता घाबरायला तुला कोणी शिल्लक नाही.

पण मी तुला ऑपरेशन कर म्हणत नाही. मी कोण सांगणार? तू बस घरी. गरम पाण्याची पिशवी घे, पोस्टमास्तरांनी सांगितलीच आहे. चप्पल अजून एक नंबर लहान आण, मग अजून एक, बाहुलीची मिळेपर्यंत. छिद्रवाल्या डॉक्टरचं काही मोठं कौतुक नाही, टाका त्याला आजही येत नाही. तुझा जीव, तुझा पाय. म्हाताऱ्याला नमस्कार, नातवंडांना पापे.

तुझी
थोरली

ता. क. मंगळवारी सकाळी आठला तुझी तारीख आहे. मी मुलाकडून फोन लावून घेतली. मला विचारून का घेतली नाहीस म्हणून रागावशील, तर तुला विचारलं असतं तर तू विसरली असतीस. सोमवारच्या बसने इकडे ये. फळीवाली विचारेल, शून्य ते दहा किती. आधी तिला विचार, शून्य कुठल्या बाजूला, आणि मगच तोंड उघड.

ता. क. दुसरा. मावशी, हे मी लिहिते आहे, आईंनी सांगितलेलं नाही. त्या साडेनऊ म्हणतात ते डॉक्टरांना आणि तुम्हाला. सकाळी उठताना त्या अजून टेबलाची कड धरतात, पायाचा अंगठा बधिर आहे, आणि दुपारी स्टुलावरून उठल्या की कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहतात. मला विचाराल तर सात. पण दोनावरून सात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमचं पत्र वाचताना चपलेच्या ओळीशी त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ तीनदा वाचायला लावली. मग दुकानात जाऊन बसल्या, आणि दिवसभर सुईत दोरा ओवला नाही. मी या घरात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मावशी, सोमवारी या.

ता. क. तिसरा. मी सांगितली सहा वाक्यं आणि हिची लेखणी चालली वीस ओळी. मला वाचता येत नाही, मोजता येतं. तिने जे काय लिहिलं असेल ते खोटं आहे. तिच्या वडिलांवरून मघाशी बोलले त्याचा सूड घेते आहे. तर, तुझ्याजवळ दवाखान्यात मीच बसणार आहे, बाकी कोणी नको, तुझा मुलगा रक्त बघून आडवा होतो. त्याच्याकडून बुधवारी दुपारी डबा तेवढा पाठव: मऊ भात, उकडलेले बटाटे, आणि पाच अंडी, कडक उकडलेली. मीठ वेगळ्या पुडीत बांधायला सांग, तिथल्या जेवणात मीठ घालायला डॉक्टरची सही लागते. अंडी पाच म्हणजे पाच. मला दोन पुरतात, आणि तुला त्या दिवशी तीन लागतील.